१,७६,६३,१९,०४९ : एका संख्येची साक्ष

एक पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि गुणाकारात १ मिळवा. येणारे उत्तर पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग असले पाहिजे. शून्य सोडून अशी सर्वांत लहान संख्या कोणती?

प्रश्न सातवीतल्या मुलालाही कळेल असा आहे. ६१ च्या शेजाऱ्यांना तो विचारला तर उत्तरही चटकन मिळते. ६० घेतले तर ४ पुरतात : ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवून ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ पुरतात : ६४ गुणिले ६२ म्हणजे ३९६८, एक मिळवून ३९६९, तो ६३ चा वर्ग. ६३ ला तर नुसता १ पुरतो, कारण ६३ अधिक १ म्हणजे ८ चा वर्ग. ६१ मात्र असा सहज हाती लागत नाही. तिथे सर्वांत लहान संख्या निघते २२,६१,५३,९८०, आणि तिच्यापासून मिळणाऱ्या वर्गाचे मूळ आहे १,७६,६३,१९,०४९ : एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार एकोणपन्नास.

ही दहा अंकी संख्या इतिहासात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेली दिसते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ती उदाहरणाच्या उत्तरात दिली आहे. पुढे १६५७ मध्ये पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने नेमके ६१ चेच उदाहरण युरोपातल्या गणित्यांपुढे टाकले आणि तिथेही हेच उत्तर निघाले. मध्ये पाचशे सात वर्षे गेली होती. या लेखाचा विषय ही संख्या आहे. आणि ती आपल्या पूर्वजांविषयी काय सिद्ध करते व काय करत नाही, हेही इथे पाहायचे आहे. कारण तिच्या नावावर आज पुष्कळ काही खपवले जाते.

आधी पडताळा

कोणताही दावा करण्यापूर्वी उत्तर बरोबर आहे का ते पाहावे. मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर इथे फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या संख्येचा वर्ग एकोणीस अंकी आहे : ३११९८८२९८२८६०२६४४०१. कार्यालयांत वापरली जाणारी एक्सेलसारखी तक्त्यांची प्रणाली पंधरा अंकांपुढचे अंक सोडून देते, त्यामुळे जो एकाचा फरक पाहायचा तोच तिथे दिसत नाही. पण या संख्येचा एक सुंदर गुणधर्म आहे, तो धरला की कागद-पेन्सिलीवर दहा मिनिटांत खात्री पटते.

संख्येतून १ वजा करा : १,७६,६३,१९,०४८. ही बरोबर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट आहे. आता संख्येत १ मिळवा : १,७६,६३,१९,०५०. ही ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट आहे. एखाद्या संख्येच्या वर्गातून १ वजा करणे म्हणजे तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्यांचा गुणाकार करणे. इथे तो गुणाकार २ × १२२, म्हणजे २४४, गुणिले २९,७१८ चा वर्ग, गुणिले ३,८०५ चा वर्ग असा होतो. २४४ म्हणजे ६१ × ४, आणि ४ हा २ चा वर्ग. तेव्हा सगळे मिळून ६१ गुणिले एक वर्ग उरतो. तो वर्ग कोणाचा, तर २ × २९,७१८ × ३,८०५ चा. हा गुणाकार करून पाहा : २२,६१,५३,९८०. पडताळा पुरा झाला.

दुसरा गुणधर्म असा की मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले तर ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बरोबर मिळते. दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारातून इतकी अचूकता मिळावी, हेच या प्रकारच्या प्रश्नांचे एक आकर्षण होते.

आता पहिली साक्ष. समजा, कोणी ही संख्या नुसत्या चाचपणीने शोधायला बसला. १ घेऊन पाहिले, जमले नाही. २ घेतले, ३ घेतले, असे करत एकेका संख्येला एक मिनिट दिले आणि रात्रंदिवस न थांबता काम केले, तरी बावीस कोटींच्या पलीकडे पोचायला ४३० वर्षे लागतात. ११५० मध्ये सुरुवात केली असती तर काम १५८० मध्ये संपले असते. तेव्हा ज्याच्या हाती ही संख्या आहे त्याच्या हाती रीत होती, यात शंका घेता येत नाही. पुष्कळ प्राचीन दाव्यांना असा अंगभूत पुरावा नसतो. श्लोकाचा अर्थ हवा तसा लावता येतो. दहा अंकी उत्तराचा लावता येत नाही.

चाकाचा एक फेरा

ती रीत कोणती, हे भास्कराचार्यांनी लपवलेले नाही. परिभाषा थोडक्यात सांगतो. ज्या संख्येने गुणायचे ती (इथे ६१) ‘प्रकृती’. जिचा वर्ग करून गुणायचे ती ‘कनिष्ठ’. जो मिळवायचा तो ‘क्षेप’. आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ ते ‘ज्येष्ठ’. सगळ्या प्रकरणाचे नाव ‘वर्गप्रकृती’.

आपल्याला क्षेप १ हवा आहे. तो लगेच मिळत नाही, म्हणून मिळेल त्या क्षेपाने सुरुवात करायची. कनिष्ठ १ घेतले तर ६१ मध्ये ३ मिळवल्यावर ६४ होतात, म्हणजे ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा गुणक शोधायचा की तो ८ मध्ये मिळवल्यावर बेरजेला ३ ने पूर्ण भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. भाग जाणारे गुणक १, ४, ७, १०... असे आहेत. त्यांत ७ चा वर्ग ४९ हा ६१ ला सर्वांत जवळ, फरक १२. म्हणून गुणक ७. नवे कनिष्ठ : ८ अधिक ७ भागिले ३, म्हणजे ५. नवे ज्येष्ठ : ८ × ७ अधिक ६१, म्हणजे ११७, भागिले ३, म्हणजे ३९. नवा क्षेप : ४९ वजा ६१, म्हणजे उणे १२, भागिले ३, म्हणजे उणे ४. पडताळा : ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ गेले की १५२१, आणि तो ३९ चा वर्ग.

हा चाकाचा एक फेरा झाला. क्षेप १, २ किंवा ४ (अधिक वा उणे) आला की चाक थांबवायचे आणि पुढचे काम ‘भावना’ या दुसऱ्या साधनावर सोपवायचे. भावना म्हणजे दोन उत्तरे एकत्र करून तिसरे करणे. ज्येष्ठांचा गुणाकार आणि कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट यांची बेरीज हे नवे ज्येष्ठ. एकाचे ज्येष्ठ गुणिले दुसऱ्याचे कनिष्ठ अशा दोन तिरप्या गुणाकारांची बेरीज हे नवे कनिष्ठ. क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप.

क्षेप उणे ४ आहे, म्हणून ३९ आणि ५ यांची निम्मी केली की क्षेप उणे १ होतो. अपूर्णांकांना तूर्त घाबरायचे नाही. या जोडीची स्वतःशीच भावना केली की १५२३ आणि १९५ यांची निम्मी मिळतात, क्षेप १. त्यांची पुन्हा पहिल्या जोडीशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात आणि ज्येष्ठ २९,७१८, कनिष्ठ ३,८०५, क्षेप उणे १ असे हाती येते. मघाच्या पडताळ्यात भेटलेल्या दोन संख्या त्या याच. यांची स्वतःशी एकदा भावना केली की क्षेप १, ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, कनिष्ठ २२,६१,५३,९८०. चारशे तीस वर्षांचे काम चार पायऱ्यांत आटोपले.

श्रेय कोणाचे?

इथे पहिली दुरुस्ती करावी लागते. हे उत्तर भास्कराचार्यांच्या ग्रंथात आहे, पण रीत एकट्या भास्कराचार्यांची नाही, आणि तसे त्यांनी म्हटलेलेही नाही. या रीतीला लोक ‘चक्रवाल’ म्हणतात, अशा अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. आधीच चालत आलेल्या गोष्टीविषयी माणूस असे बोलतो.

भावना ही ब्रह्मगुप्तांची. ते भिल्लमाळचे, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळचे. त्यांचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ ६२८ चा. त्यांनी ९२ या प्रकृतीचे उदाहरण दिले आहे, त्याचे उत्तर १२० आणि १,१५१. हे जो वर्षभरात सोडवील तो खरा गणक, असे ते म्हणतात. पण भावनेला सुरुवातीला सोयीचा क्षेप लागतो, आणि तो मिळवण्याची हमखास वाट ब्रह्मगुप्तांजवळ नव्हती.

ती वाट म्हणजे चक्रवाल. बराच काळ ती भास्कराचार्यांचीच मानली जाई. लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि चित्र बदलले. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करांच्या ‘लघुभास्करीय’ ग्रंथावर उदयदिवाकर यांची १०७३ मधली टीका आहे. तिच्यात आचार्य जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत केलेले आहेत आणि त्यांत चक्रवाल स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्या (शके १०३६, इ. स. १११४) निदान चाळीस वर्षे आधी ही रीत लिहून झालेली होती. जयदेवांचा स्वतंत्र ग्रंथ आज आपल्यापुढे नाही. दुसऱ्याच्या टीकेत आले म्हणून त्यांचे नाव वाचले.

याने भास्कराचार्यांची थोरवी कमी होते असे मला वाटत नाही. शेजारची सगळी उदाहरणे सोपी असताना त्यांनी मित्राला उद्देशून प्रश्न घातला तो ६७ चा आणि ६१ चा. ज्याला रीत पूर्ण कळली आहे तोच तिचा कस लागेल असे उदाहरण निवडतो.

फर्माचे आव्हान

आता युरोप. १६५७ मध्ये फर्माने इंग्लंडच्या आणि इतर देशांच्या गणित्यांना हाच प्रश्न सर्वसाधारण रूपात घातला. फ्रेनिक्ल या आपल्या मित्राला लिहिताना त्याने ६१ आणि १०९ ही दोन उदाहरणे दिली, आणि ती जणू फार त्रास होऊ नये म्हणून निवडली आहेत असा आव आणला. १०९ चे ज्येष्ठ पंधरा अंकी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्राउंकर यांनी आधी अपूर्णांकांतली उत्तरे पाठवली, ती फर्माला मान्य झाली नाहीत; मग त्यांनी पूर्णांकांसाठी रीत शोधली आणि जॉन वॉलिस यांनी ती १६५८ मध्ये छापली. पुढे ऑयलर या थोर गणितज्ञाने चुकून या समीकरणाचे श्रेय जॉन पेल यांना दिले. पेल यांचा या शोधाशी म्हणावा असा संबंध नव्हता, पण ‘पेलचे समीकरण’ हे नाव जगभर रूढ झाले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतही शिरले.

मग युरोपीयांनी ही रीत इथून नेली का? असे ठासून सांगणारे लेख आणि संदेश आपण सगळेच वाचतो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर रीतींच्या आतच आहे. फर्मा दिओफांतस या ग्रीक गणितज्ञाचा ग्रंथ वाचून या विषयाकडे वळला होता. ब्राउंकरची रीत वर्गमूळाची अपूर्णांकांत अपूर्णांक अशी उतरंड लावण्याच्या जातीची आहे; तिच्यात ६१ साठी बावीस पायऱ्या लागतात. ‘गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या जवळ असावा’ हा चक्रवालाचा कणा तिथे नाही, आणि क्षेप ४ पासून झेप घेणारी भावनाही नाही. कोणी नक्कल केली असती तर लांबची वाट घेऊन जवळची सोडून दिली नसती. दोघांची उत्तरे सारखी आली, कारण सर्वांत लहान उत्तर एकच असते आणि ते शोधणाऱ्याच्या देशावर अवलंबून नसते.

नेमका हाच युक्तिवाद उलट बाजूनेही लागू पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही युरोपीय अभ्यासकांनी, त्यांत पॉल तानेरी हे मोठे नाव, हे भारतीय गणित ग्रीकांकडून आले असावे असे म्हटले. आर्किमिडीजच्या नावे असलेल्या गुरांच्या कोड्यात याच जातीचा प्रश्न दडलेला आहे, हे खरे. पण उपलब्ध ग्रीक ग्रंथांत तो सोडवण्याची सर्वसाधारण रीत नाही, आणि इथे मात्र ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कराचार्य असा एकेक पायरीचा माग लागतो. तयार मालाला असा माग नसतो. हर्मन हांकेल या जर्मन इतिहासकाराने १८७४ मध्येच चक्रवालाची गणना लाग्रांजपूर्वीच्या अंकसिद्धान्तातल्या सर्वोत्तम कामगिरीत केली होती.

चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद १६३४-३५ मध्ये, म्हणजे फर्माच्या आव्हानाच्या वीस-बावीस वर्षे आधी, शाहजहानच्या काळात झाला. तो करणारे अताउल्ला रशीदी म्हणजे औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्याचे स्थपती. उत्तर फारसीत तयार होते आणि प्रश्न लॅटिनमध्ये फिरत होता. इंग्रजीत हा ग्रंथ आला तो थेट १८१३ मध्ये स्ट्रेचीच्या फारसीवरून केलेल्या आणि १८१७ मध्ये कोलब्रुकच्या संस्कृतवरून केलेल्या भाषांतरातून.

न विचारलेला प्रश्न

आता जी गोष्ट ही संख्या सिद्ध करत नाही तिच्याकडे यावे लागते. ६१ च्या उदाहरणात चाक एकाच फेऱ्यात थांबले. ६७ घेतले तर क्षेप क्रमाने उणे ३, ६, उणे ७, उणे २ असे येतात. म्हणजे ३ वरून ६, ६ वरून ७ असे ते वाढतही जातात. मग कोणतीही प्रकृती घेतली तरी चाक कधी ना कधी १ वर येईलच, याची हमी काय? कधीच न थांबणारे एखादे उदाहरण निघणार नाही कशावरून?

भास्कराचार्यांच्या ग्रंथात याची सिद्धता नाही. त्यांनी करून दाखवले. ते नेहमी होईलच हे दाखवले नाही. हा फरक लहान नाही. युरोपात ही सिद्धता लाग्रांज यांनी १७६० च्या दशकाच्या अखेरीस दिली, ती तिकडच्या रीतीसाठी. खुद्द चक्रवालाची सिद्धता म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ग्रंथानंतर पावणेआठशे वर्षांनी.

या मधल्या काळात ग्रंथ हरवला होता असे म्हणता येत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. इ. स. १२०७ च्या या लेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे आणि निकुंभवंशी राजांनी त्याला दान दिल्याचे सांगितले आहे. दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे : पेठेत येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा भाग मठाला द्यावा, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यावे. एका गावाने गणिताच्या अभ्यासासाठी तेल दिले, हे वाचताना अंगावर काटा येतो. पुढेही परंपरा तुटली नाही. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली. मूळच्या विदर्भातल्या, काशीला गेलेल्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञांनी १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर ‘नवांकुर’ ही उपपत्तींनी भरलेली टीका लिहिली. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती १९३० मध्ये छापली, म्हणजे म्हैसूरला सिद्धता प्रसिद्ध झाली त्याच सुमारास.

तेव्हा पोथ्या होत्या, टीकाकार होते, तेलही होते. ब्रह्मगुप्तांनी अर्धवट ठेवलेले काम जयदेवांनी पुढे नेले होते. भास्कराचार्यांनंतर मात्र तेच उत्तर शतकानुशतके जतन केले गेले आणि ‘हे नेहमीच का जमते?’ हा प्रश्न मागे राहिला. याला परकी आक्रमणे किंवा परकी चोरी असे एकच कारण चिकटवून मोकळे होता येत नाही, कारण याच काळात टीका लिहिल्या जात होत्या. ग्रंथ पूर्ण आहे असे मानले की त्यातले अपूर्ण काम दिसेनासे होते, एवढे तरी या प्रकरणावरून म्हणता येते. आजचे अभिमानाचे संदेशही नेमकी तीच चूक करतात : संख्या सांगतात, रीत सांगत नाहीत, आणि प्रश्न तर मुळीच विचारत नाहीत.

आपल्या शाळांतून ‘पेल’ हे नाव काढून ‘वर्गप्रकृती’ हा शब्द यावा, असे मलाही वाटते. पण नाव बदलण्यापेक्षा ६७ चे उदाहरण फळ्यावर सोडवले जाणे अधिक मोलाचे. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो : ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप उणे ३ पासून निघा, गुणक क्रमाने ७, ५ आणि ९ येतील. तिसऱ्या फेऱ्याला ज्येष्ठ २२१, कनिष्ठ २७, क्षेप उणे २ मिळेल. मग एक भावना करा आणि क्षेप ४ आला की दोन्ही मुळांना २ ने भागा. उत्तर ४८,८४२ आणि ५,९६७ यायला हवे. आले की मुलांना विचारा, क्षेप वाढत असताना तो शेवटी १ वर येईल असे तुम्हाला कशावरून वाटले?